बाविसावं नाव

१

थांब नुन्झिओ, छिन्नी खाली ठेव आणि तो हातोडाही. एक गोष्ट सांगतो. मेलेल्या माणसाची आहे, पण कंटाळा नाही यायचा. ऐकून झालं की मग तुझं काम तू कर, मी मधे यायचो नाही.

तुझ्या त्या कागदावर दगडात कोरायची एकतीस नावं आहेत. कुरामिंडीच्या हवाई तळावर राहिलेल्यांची, तिथलं पाणी पिऊन गेलेल्यांची. बाविसाव्या नावावर निळ्या पेन्सिलीनं काट मारलीय, दिसतेय ना? लिंडसे पर्डी. काट स्मारक समितीच्या नोलीन गॅरिटीनं मारली, हे टाल्बर गावात शेंबडं पोरगंही सांगेल. पण ती मारायला नको होती, हे गेल्या मंगळवारपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आणि मर्दा, मला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक असायला हवं होतं.

मी त्या तळाचा प्लंबर. सतरा वर्षं. शाळा बाराव्या वर्षीच सुटली, ती मला आवडेना आणि मी तिला. पण पाइप दिला की माझ्या हातात तो ऐकायचा. तिथल्या प्रत्येक नळाला माझा हात लागलाय.

तिथं विमानांची इंजिनं धुवायला एक द्रव असायचा, गोडसर वासाचा. वापरून झालं की काळ्या तेलाबरोबर एका खड्ड्यात ओतायचे आणि पंधरवड्यानं पेटवून बंबवाले आग विझवायचा सराव करायचे. हुकूम वरून. तो खड्डा पाण्याच्या बोअरपासून चारशे पावलांवर. जळलं ते जळलं, उरलं ते झिरपलं, आणि आम्ही ते चहात घातलं. माझी जॉइस प्यायली. तुझ्या यादीत तिचं नाव अठ्ठाविसावं. नोलीनचा किअरन प्यायला, नऊ वर्षांचा होता.

आता तू म्हणशील, पाणी कुणी तपासत नव्हतं का? तपासत होते की! दर तीन महिन्यांनी चार बाटल्या शहरात जायच्या. नऊ वर्षं गेल्या. दर वेळी उत्तर तेच, पाणी उत्तम आहे. बाटल्या भरायचं काम लिंडसे पर्डीचं.

मागल्या वर्षी या मरणांच्या चौकशीचा अहवाल आला. शहरातल्या शहाण्यांनी जुने आकडे काढले आणि बघितलं, तर त्या नमुन्यांत क्षार जवळजवळ नाहीतच. अरे, कुरामिंडीचं बोअरचं पाणी म्हणजे अर्धा चुना! क्षार नाहीत म्हणजे बाटलीत पावसाचं पाणी. लिंडसेनं मात्र दर फॉर्मवर लिहिलेलं, 'दवाखान्याचा नळ'. नकाशात दवाखान्याचा नळ बोअरच्या लाइनीवर. झालं! नकाशा खोटं बोलत नाही, पाणी खोटं बोलत नाही, मग खोटा कोण? माणूस. कामाचा कंटाळा केला, पावसाच्या टाकीतून बाटल्या भरल्या, आणि फॉर्मवर थाप मारली. असं त्या अहवालात छापून आलं.

लिंडसेही त्या पाण्याच्याच दुखण्यानं गेलेला, एक्क्याण्णव साली. कावीळ झाल्यासारखा पिवळा पडून. तरी गेल्या महिन्यात समितीनं हात वर करून मत दिलं आणि त्याचं नाव दगडावर नको म्हणून ठरलं.

त्यानंतर आठवड्यानं त्याची पोरगी माझ्या दारात. जॅनेल. पन्नाशीची बाई, पण मला अजून तिचे फुटलेले गुडघेच आठवतात.

"मर्व्हकाका, मंगळवारी तळ बघायला सोडणार आहेत, एकच दिवस. मग बुलडोझर. येणार ना?"

"काय बघायचंय तिथं, पोरी? उंदीर?"

"तुम्ही तिथले नळ बसवलेत. माझ्या बाबांनी खोटं केलं की नाही, ते नळ बघून सांगा. केलं असेल तर तसं सांगा. दगडावर नाव नसलं तरी चालेल मग. पण आईनं मरताना विचारलं होतं, आणि मला उत्तर देता आलं नव्हतं."

मी म्हटलं येतो. हे म्हटलं नाही की, पोरी, मीही तेच मानतो. वर्षभर मीही दारूच्या दुकानात बसून लिंडसेला शिव्या घातल्या होत्या.

२

बसमध्ये आम्ही अकरा जण. बहुतेक म्हातारे. तुला तिघंच ध्यानात ठेवायची. नोलीन, पुढच्या सीटवर, मांडीवर किअरनचा फोटो. सिस्टर एव्हिस, दवाखान्याची नर्स, आता शहाऐंशीची, चाकांच्या खुर्चीत. आणि स्नोई डॉब्स, ट्रक ड्रायव्हर. केस एके काळी दुधासारखे म्हणून स्नोई, आता डोक्यावर एक केस नाही पण नाव तेच.

जॅनेल मागं एकटी बसलेली. तिच्या शेजारी कुणी बसेना.

फाटकावर पांढऱ्या कपड्यातल्या एका बाईनं आमच्या बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. "माती उचलायची नाही. झाडाचं फळ खायचं नाही. नळ उघडायचे नाहीत."

स्नोई म्हणाला, "सतरा वर्षं इथं प्यायलो बाई, आता बुटाला लागून काय व्हायचंय?"

ती हसली नाही. कुणीच हसलं नाही.

काय सांगू तुला, नुन्झिओ. गाव मेलं की पडतं तरी. हे पडलेलं नव्हतं. घरं उभी, दारं उघडी, पडदे हलतायत. भर दुपार, ऊन मी म्हणतंय, आणि एक माशी नाही. रस्त्याच्या कडेला तीनचाकी सायकल, तिच्या सीटवर धूळ अशी बसलेली, जणू धुळीचंच पोर बसलंय. मी माझ्या घरासमोर आलो, तर अंगणातलं जर्दाळूचं झाड वाकलेलं, फळांनी! जॉइसनं लावलेलं. खाली सडा. आणि पक्ष्यानं एकालाही चोच मारलेली नव्हती.

मी दारात उभा राहिलो आणि आतून कपबशीचा आवाज आला. शपथ घेऊन सांगतो. थांबलो. "जॉइस?" असंही म्हणून गेलो. वाऱ्यानं हलणारा पत्रा होता. पण पाय आत टाकायला मला पाच मिनिटं लागली, आणि जॅनेल शेजारी उभी राहिली.

स्वयंपाकघरात किटली शेगडीवर तशीच. झाकण उघडलं, तर आत पांढरा थर, बोटभर जाड. क्षार. सतरा वर्षांच्या चहाचा.

"सगळ्यांकडं असंच?" जॅनेलनं विचारलं.

"सगळ्यांकडं. जॉइस दर रविवारी व्हिनेगरनं खरवडायची, तरी थर वाढतच गेला."

सिंकखाली वाकलो. जुनी सवय. माझा पाइप तिथंच होता, हिरवा पडलेला, पण एक थेंब न गळता. मी जॅनेलला दाखवलं. "बघ, एल्बो, कोपऱ्याचा जोड, कुठं आहे? नाही. मी एल्बो लावायचोच नाही. प्रत्येक जोड म्हणजे गळायची एक जागा. मी पाइपच वाकवायचो, गुडघ्यावर. आणि डावरा ना मी, म्हणून वाक नेहमी डावीकडून येतो. आणि पाइप बांधलेल्या तांब्याच्या तारेचा पीळ, तो बघ, उलटा. शंभर प्लंबरांत माझं काम मी डोळे झाकून ओळखीन."

फुशारकी मारली. प्लंबरला दुसरं काय असतं मारायला?

स्नोईला आम्ही मोटारशेडच्या सावलीत गाठलं. नमुन्यांची पेटी तोच स्टेशनवर न्यायचा.

"स्नोई," मी म्हटलं, "वाटेत बाटल्या बदलल्या नाहीस ना लेका?"

"बदलून मला काय मिळणार होतं? बिअर असती तर बदलल्या असत्या." मग त्यानं जॅनेलकडं पाहिलं आणि टोपी काढली. "पेटीला सिस्टर लाल लाखेचं सील ठोकायची, पोरी. शहरातल्या पावतीवर दर वेळी लिहून यायचं, सील शाबूत. मी ती पावती ऑफिसात द्यायचो. माझ्या ट्रकमध्ये काही झालं नाही."

मग स्वतःशीच पुटपुटला, "आणि लोक म्हणतात लिंडसेनं टाकीतून भरलं. ती टाकी माझी होती!"

"तुझी?"

"ती काय, दवाखान्याच्या मागं, उंच घोडीवर. आमच्या शेडच्या पत्र्याचं पाणी. ट्रकच्या बॅटऱ्यांत बोअरचं पाणी चालत नाही, पावसाचंच लागतं, म्हणून ठेवलेली. कुलूप होतं तिच्या तोटीला आणि किल्ली माझ्या कमरेला. लिंडसेनं कधी मागितली नाही. पण कुणीतरी चोरत होतं हां! सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यापासून पाणी भराभरा उतरायला लागलं. कुलूप शाबूत आणि पाणी कमी. पोरांवर डाफरलो मी कितीदा."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. कारण तेवढ्यात दवाखान्याकडून आरडाओरडा ऐकू आला. नोलीनचा आवाज. आणि त्याच्यामागं सिस्टर एव्हिसचं रडणं.

३

झालं होतं असं. नोलीननं चाकांची खुर्ची दवाखान्याच्या पायरीपाशी अडवून धरलेली. "बोल ना आता सगळ्यांसमोर! तू त्याला पाठीशी घालतेस. तेव्हाही घालत होतीस."

सिस्टर एव्हिसचा आवाज पातळ झालाय, पण शब्द अजून इस्त्री केलेले. "नोलीन, मी चौकशीत सांगितलं तेच सांगते. लिंडसे माझ्या डोळ्यांसमोर बाटल्या भरायचा. आतल्या नळावर. आधी स्पिरिटच्या दिव्यानं नळाचं तोंड भाजायचा, जंतू मरावेत म्हणून. मग घड्याळ लावून पाच मिनिटं पाणी सोडायचा. मी चिडायचे, पाणी वाया जातं म्हणून. तो म्हणायचा, सिस्टर, नियम आहे. मग भरायचा. मी सील करायचे. नऊ वर्षांत एकदाही चुकला नाही."

"थापा!"

"सिस्टर," मी मधे पडलो, "पण तो दवाखान्यातच का भरायचा? बोअरपाशी का नाही?"

"तिथं धूळ असायची, मर्व्ह. धूळ गेली की नमुना बाद. फॉर्मवरच छापलेलं होतं, स्वच्छ जागेचा नळ. तळावर स्वच्छ जागा माझीच."

जॅनेल खाली बसली, एव्हिसच्या खुर्चीपाशी. "तुम्ही शपथेवर सांगितलंत हे, तरी त्यांनी अहवालात घेतलं नाही?"

"त्यांनी लिहिलं, साक्षीदाराचं वय पाहता स्मरणशक्तीवर भरवसा ठेवता येत नाही." एव्हिसनं रुमाल काढला. "मला अजून तळावरच्या प्रत्येक पोराचं वजन आठवतं."

नोलीन तरातरा आत गेली. आम्ही सिस्टरची खुर्ची पायरीवरून उचलून मागोमाग. आत कॅलेंडर भिंतीवर, पान एका मार्चचं. वजनाचा काटा. दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मोजलेल्या खुणा, आणि प्रत्येकापुढं नाव. किअरनची खूण माझ्या कमरेएवढी. नोलीननं तिकडं बघितलं नाही, पण तिचा हात गेला, बोट त्या खुणेवर टेकलं आणि परत आलं.

सिंकच्या बाजूला सुया उकळायचा स्टीलचा डबा होता. रोज सकाळ-संध्याकाळ उकळी. नोलीननं झाकण उचललं.

आत जणू आरसा. चकचकीत! एक पांढरा ठिपका नाही.

त्या दिवशी आम्ही प्रत्येकानं आपापल्या घरातली पांढरी किटली बघितली होती. या नळाचं पाणी पंधरा वर्षं रोज दोनदा उकळूनही डबा कोरा.

नोलीन सावकाश वळली. "तुला माहीत होतं," ती एव्हिसला म्हणाली. "बोअरचं पाणी कसं आहे ते तुला माहीत होतं. स्वतःसाठी चांगलं पाणी ठेवलंस. आणि माझ्या पोराला ताप आला की 'पाणी भरपूर पाज' म्हणून सांगायचीस."

सिस्टर एव्हिस पांढरीफटक. "मला वाटायचं… मी आले तेव्हापासून तो असाच. मला वाटायचं स्टील चांगल्या जातीचं आहे."

"स्टील!" नोलीन हसली. असं हसू परत ऐकायला नको मला.

४

मी शिकलेला नाही, पण पाण्याचं मला कळतं. पाणी थाप मारत नाही. ते कुठून आलं ते भांड्याला सांगून जातं. मी म्हटलं, "नोलीन, दोन मिनिटं थांब. सिस्टर, तुमची खोली कुठं?"

"मागंच. शेवटचं दार."

आम्ही सगळी वरात तिकडं. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत किटली. मी ती उचलली. जड लागली. झाकण उघडून नोलीनच्या नाकापुढं धरली.

पांढरी. माझ्या घरच्याहून जाड थर.

"हिला जर ठाऊक असतं," मी म्हटलं, "तर तिनं हे ढोसलं असतं होय? चांगलं पाणी वीस पावलांवर असताना? सिस्टर तेच प्यायली जे तू आणि मी प्यायलो. कामाच्या जागी उकळायचं पाणी वेगळं होतं, हे तिला कधी कळलंच नाही."

जॅनेलचे डोळे मोठे झाले. "म्हणजे काका, नळच… दवाखान्याचा तो नळच पावसाच्या पाण्याचा होता?"

"दुसरं काही बसत नाही. सिस्टर खरं बोलते, स्नोईचं सील शाबूत, स्नोईच्या टाकीचं कुलूप शाबूत आणि तरी पाणी उतरतंय. तुझ्या बापानं फॉर्मवर लिहिलं दवाखान्याचा नळ, आणि भरलं दवाखान्याच्याच नळावर. त्यानं सगळं नियमानं केलं. नकाशा चुकीचा होता."

जॅनेलनं तोंडावर हात ठेवला.

"मग कुणी बदलला?" नोलीननं विचारलं. "कुणीतरी ती लाइन बदलली. मुद्दाम. नमुने चांगले यावेत म्हणून. कोण तो?"

मी म्हटलं, बघतो. पांढऱ्या कपड्यातली बाई 'नको नको' म्हणत असतानाच दवाखान्याच्या मागं गेलो. काटेरी झुडपं कमरेएवढी. ती वाकवत टाकीच्या घोडीपाशी पोचलो. टाकीच्या बुडातून एक तांब्याचा पाइप निघालेला, झुडपात दडलेला. कुलुपाच्या तोटीच्या अलीकडून. म्हणून स्नोईला कधी कळलं नाही. तो पाइप भिंतीत शिरत होता, बरोब्बर सिंकच्या मागं.

गुडघ्यावर बसलो. पाइपवरची माती पुसली.

एल्बो नव्हता.

पाइप वाकवलेला होता. वाक डावीकडून आलेला. तारेचा पीळ उलटा.

माझ्या मागं दहा माणसं उभी असतील, पण मला एकही आवाज येईना. मला आवाज आला तो सत्त्याहत्तर सालचा. सिस्टर ग्वेनचा, एव्हिसच्या आधी होती ती, गेली बिचारी कधीच. "मर्व्ह, माझ्या सुयांवर पापुद्रे बसतात रे, पोरांना टोचताना तुटतात. तो नळ पावसाच्या टाकीला जोडून दे ना. स्नोईला सांगू नकोस, भांडत बसेल." शनिवार होता. तासाभराचं काम. पोरांच्या सुयांसाठी, कुणाच्या वाईटासाठी नाही. तिनं खजुराचा केक दिला, मी घरी नेला, जॉइस म्हणाली, "कुणाचे नळ चोरलेस?"

काम झालं की नकाशात नोंद करायची असते. ऑफिसात जायचं, फॉर्म भरायचा, लाल शाईनं नवी रेघ मारायची, खाली चार ओळी लिहायच्या. चार ओळी! माझ्या अक्षराला तिथला कारकून हसायचा. मोठ्यानं वाचून दाखवायचा. म्हणून मी लहानसहान कामांचे फॉर्म भरायचोच नाही. कुणाला काय कळणार? आणि केक संपायच्या आत मी ते काम विसरून गेलो. तसली शेकडो केली होती.

पुढं पाण्याचे नमुने घ्यायचं ठरलं तेव्हा साहेबांनी नकाशा बघून नळ निवडला. नळ स्वच्छ, जागा स्वच्छ, लाइन बोअरची. नकाशात.

पहिल्याच बाटलीत विष दिसलं असतं, नुन्झिओ. नऊ वर्षं आधी.

५

आता तुला खरं ते सांगतो. मी तिथं गुडघ्यावर बराच वेळ बसून राहिलो. माझ्याशिवाय तो पाइप वाचता येणारं माणूस जगात नव्हतं. जॅनेलला दाखवलं होतं खरं, पण ती झुडपापलीकडं उभी होती, तिला पाइप दिसत नव्हता. "कुणी केलं कळत नाही" एवढं म्हणायचं होतं. लिंडसे तेवढ्यानं सुटत होता. बुलडोझर आठवड्यानं येणार. आणि ग्वेन मेलेली. तिचं नाव सांगून टाकलं असतं तरी चाललं असतं.

पण मागं नोलीन एव्हिसला म्हणत होती, "तूच करून घेतलं असशील." परत. आणि ती म्हातारी "नाही, नाही" म्हणत होती. मला ते ऐकवेना.

उठलो. गुडघे कडकड वाजले.

"हे काम माझं आहे," मी म्हटलं.

स्नोई म्हणाला, "गप रे. चेष्टेची वेळ आहे का?"

"जॅनेल, इकडं ये. वाक बघ. पीळ बघ. मघाशी दाखवलं होतं मी."

ती आली. वाकली. बघितलं. मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं, मला सांगता येणार नाही. मी सगळं सांगितलं. ग्वेन, सुया, केक, तो फॉर्म. कारकून हसायचा तेही. सांगताना मला कळत होतं की ते किती लहान वाटतंय. एकतीस माणसं आणि एक कारकून हसतो म्हणून.

नोलीन माझ्या समोर येऊन उभी राहिली. वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किअरनला सायकल शिकवलीस तू," ती म्हणाली.

"हो."

"त्या खड्ड्यात ते ओतलं त्यांनी. हुकूम दिला त्यांनी. त्यातला एकही जण आज बसमध्ये नाही. एकाचंही नाव अहवालात नाही. मला ते समजतं, मर्व्ह. मी मूर्ख नाही." तिनं किअरनचा फोटो छातीशी धरला. "पण आज माझ्याशी बोलू नकोस. आज जमणार नाही."

ती गेली. जाताना एव्हिसची खुर्ची स्वतः ढकलत घेऊन गेली, आणि वाटेत खाली वाकून तिच्या कानात काहीतरी बोलली. काय ते मला माहीत नाही. म्हातारीनं मागं हात नेऊन तिचा हात थोपटला एवढं दिसलं.

परतीच्या बसमध्ये मी मागच्या सीटवर. स्नोईसुद्धा पुढं जाऊन बसला. त्याला दोष देत नाही, त्याची बायको यादीत आठवी आहे. फाटक ओलांडलं तेव्हा जॅनेल उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

मग म्हणाली, "वर्षभर बाबांना शिव्या घालत होता ना तुम्ही? गावात ऐकलंय मी."

"घालत होतो."

"मला राग आलाय काका. फार आलाय. जाईल की नाही ठाऊक नाही."

"ठेव. जपून ठेव."

"पण तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं." तिनं पर्समधून वही काढली. "उद्या चौकशीला लिहून द्याल?"

"मला धड लिहिता येत नाही, पोरी. त्यातूनच तर हे सगळं."

"तुम्ही बोला. मी लिहिते. पण सही पूर्ण नावाची हवी."

लिहून दिलं. अकरा पानं झाली. सही करायला मला जॉइसच्या मरणाच्या दाखल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

ते कागद घेऊन मी काल नोलीनकडं गेलो. तिनं ओट्यावर उभ्याउभ्याच वाचले, मला आत बोलावलं नाही. मी म्हटलं, नोलीन, यादीतली काट काढ. ती म्हणाली, "मी मारली ती, मला माहीतेय. पण नुन्झिओकडं मी जाणार नाही. तू जा. आणि नुसतं 'नाव घाल' म्हणून सांगायचं नाही. सगळं सांगायचं. त्या माणसाला कळायला हवं की तो काय कोरतोय. त्याला पटलं तर समितीचं मी बघते."

म्हणून मी सकाळपासून तुझ्या अंगणात बसलोय. माझा चहा गार झाला आणि तुझं काम खोळंबलं. माफ कर.

आता एवढंच मागतो. लिंडसे पर्डीचं नाव त्याच्या जागी घाल, बाविसावं. शेवटी जोडू नकोस, लोक म्हणतील मागून आठवण झाली. त्याची दया येऊन ते मोठं करू नकोस, माझा राग येऊन बारीकही करू नकोस. जॅनेल येईल आणि बोट फिरवून बघेल, म्हणून मर्दा, बाकीच्यांइतकंच खोल कोर.